आधी चोर, मग युद्ध

स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्याला मारणं धर्मात बसतं का, हे शोधताना सुरुवात युद्धापासून करू नकोस, घरफोड्या चोरापासून कर. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात रात्री घर फोडणाऱ्याला मारलं तर खुनाचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारलं तर आहे. तालमूद, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या चर्चेचा ग्रंथ, तिथूनच पुढे जातो: जीव घ्यायला येणाऱ्याला आधी मार, पण मारेकऱ्याला जखमी करून भागत असताना ठार केलंस, तर दोषी तूच. ही दुसरी अट लोक सर्रास गाळतात. तू गाळू नकोस.

ख्रिस्ती बाजूला ‘दुसरा गाल पुढे कर’ एवढ्यावर थांबू नकोस. सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन स्वतःच्या जिवासाठी मारणं सामान्य माणसाला नाकारतो, सैनिकाला मात्र मुभा देतो. मला तरी हीच जागा सर्वात अस्वस्थ करते. 13व्या शतकात दुसरा ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस बचावासाठी गरजेपुरत्या बळाला मान्यता देतो. शस्त्रच नाकारणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना भाबडे समजू नकोस, त्यांचं 1660 चं निवेदन नीट वाच.