मनाचं निदान: डॉक्टरांचा अंदाज किती, तुमचं सांगणं किती?

प्रश्न: डॉक्टरांनी दहा मिनिटांत डिप्रेशन सांगितलं. रक्त तपासलंच नाही. हा नुसता अंदाजच ना?

डिप्रेशन दाखवणारी रक्तचाचणी नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासतात ते थकव्याची शारीरिक कारणं वगळण्यासाठी, आणि ते तपासायला हवंच. निदान उभं राहतं विचारपूस आणि निरीक्षणावर: किमान दोन आठवडे, नऊपैकी पाच लक्षणं, त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच, शिवाय रोजच्या व्यवहारात अडथळा.

अनुभवी डॉक्टरला सावकाश येणारी उत्तरं, पडलेला आवाज, चेहऱ्यावरचे भाव यांवरून लवकर अंदाज येतो. स्किझोफ्रेनियाच्या (भास, भ्रम होणाऱ्या आजाराच्या) रुग्णासमोर डॉक्टरला जाणवणाऱ्या दुराव्याला डच मानसोपचारतज्ज्ञ र्‍युम्के यांनी १९४१ मध्ये 'प्रीकॉक्स फीलिंग' म्हटलं. अशी जाणीव उपयोगी असते, पण ती पडताळायलाच हवी. आजाराचं नाव एकदा डॉक्टरच्या मनात बसलं की त्याला दुजोरा देणारेच प्रश्न विचारले जातात. बायपोलर आजार (कधी उदासी, कधी उन्माद म्हणजे अतिउत्साह) असाच निसटतो, कारण रुग्ण बहुधा उदासीच्या काळात येतो. 'सलग चार दिवस किंवा जास्त, कमी झोपूनही उत्साह ओसंडत होता का? बोलणं, खर्च, बेत वाढले होते का?' हे विचारलं नाही, तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी काहींचा उन्माद उफाळतो. डॉक्टरांनी विचारलं नसेल, तर असा काळ येऊन गेल्याचं तुम्हीच सांगा.

प्रश्न: मोबाइलवर पीएचक्यू-९ ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरली, १४ गुण आले. म्हणजे डिप्रेशन आहे?

गुण २७ पैकी असतात. १० किंवा जास्त आले तर सविस्तर मुलाखत हवी, एवढाच अर्थ. सुतक, दारू, थायरॉइड यांनीही गुण चढतात. नववा प्रश्न मात्र वेगळा: मरण बरं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला.

प्रश्न: आईच्या छातीत धडधड, अंगात आग, डोकं जड. ईसीजी नॉर्मल. 'मनाचं आहे' म्हटलं की ती चिडते.

चिडणारच. त्रास तिला खरोखर होतोय, आणि 'मनाचं' म्हणजे 'खोटं' असं तिला ऐकू येतं. उदासी आणि चिंता शरीरातूनही बोलतात. दोन आठवडे वहीत लिहा: त्रास किती वाजता, त्याआधी काय घडलं, झोप, जेवण. 'जीव घाबरतो' हे तिचे शब्द तसेच ठेवा, 'अँक्झायटी' लिहू नका. डॉक्टरांकडे आधी तिला एकटीला बोलू द्या, घरच्यांनी नंतर. चालताना छातीत दाब येऊन घाम फुटला, तर आधी हृदय तपासा. मानसिक आजाराचा शिक्का बसला की शरीराच्या तक्रारी कानाआड होतात, आणि हे जिवावर बेतू शकतं.

प्रश्न: दोन डॉक्टर, दोन निदानं. कोणाचं मानायचं?

आजाराच्या पहिल्या झटक्यात चित्र अर्धंच दिसतं. काही निदानं आजाराची पुढची चाल बघूनच पक्की होतात. दोघांनाही विचारा: 'कोणत्या लक्षणांवरून ठरवलंत, आणि काय दिसलं तर बदलाल?' मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क आहे. त्या मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.