सांबाच्या मॅन पेजमधली चूक कुठे दुरुस्त करायची?

तुम्ही विचारलंय की सांबा या फाइल-शेअरिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची फाइल ‘एसएमबी डॉट कॉन्फ’, तिच्या मॅन पेजमध्ये (माहितीच्या पानात) एक शब्द दोनदा छापलाय, तो काढायचा कसा. मॅन पेजची फाइल उघडून काढू नका. ती एक्सएमएलमधून (टॅग लावलेल्या मजकुरातून) तयार होते, त्यामुळे पुढच्या बिल्डला, म्हणजे सोर्समधून सगळं पुन्हा तयार करताना, तुमचा बदल पुसला जाईल.

सांबाच्या सोर्समध्ये ‘डॉक्स-एक्सएमएल’ फोल्डर आहे, त्यात ‘एसएमबीडॉटकॉन्फ’. तिथे प्रत्येक पॅरामीटरची (सेटिंगची) वेगळी फाइल असते, नावातली स्पेस काढून. म्हणजे ‘क्रिएट मास्क’ हवा असेल तर ‘सिक्युरिटी’मधली ‘क्रिएटमास्क डॉट एक्सएमएल’. सापडत नसेल तर चुकीचं वाक्यच ग्रेपने (ओळीओळीने मजकूर शोधणाऱ्या कमांडने) शोधा. मात्र वाक्य दोन ओळींत तुटलेलं असू शकतं, म्हणून दोन-तीन शब्दच द्या.

फक्त ‘पॅरा’ टॅगमधला मजकूर बदला. खालच्या ‘व्हॅल्यू’ टॅगमधल्या ०७४४ सारख्या डिफॉल्टला हात लावू नका. तो कोडशी जुळतो की नाही हे एक टेस्ट तपासते, नाही जुळला तर बिल्ड लाल, म्हणजे नापास. आणि ‘ब्राउझेबल’ या पॅरामीटरच्या स्पेलिंगमध्ये मधला ई दिसला तर ती चूक नाही, ई असलेलं आणि नसलेलं, दोन्ही चालतात! असे ‘सुधारणारे’ बरेच भेटतात.

सेव्ह केल्यावर एक्सएमएललिंट (एक्सएमएल तपासणारी कमांड) चालवा, न बंद झालेला टॅग लगेच कळतो. गिटमध्ये बदल कमिट करताना (नोंदवताना) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे तुमच्या सहीची ओळ हवीच, गिट कमिटला -एस (लहान एस) द्या. मग गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती). परिच्छेदाच्या ओळी नव्याने जुळवत बसू नका, एका शब्दासाठी वीस ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) पाहून तपासणाऱ्याला वैताग येतो.