अमेरिकन कंट्री गायक रँडी ट्रॅव्हिसचं 'ऑन द अदर हँड' हे गाणं १९८५ मध्ये आपटलं आणि १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. दुसऱ्यांदा काढताना गाण्यात बदल केला होता का?

नाही, रेकॉर्डिंग तेच होतं. बदलली ती रेडिओवाल्यांची गायकाशी असलेली ओळख.

तेव्हा बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाची कंट्री गाण्यांची क्रमवारी यादी शंभर गाण्यांची असे आणि मुख्यतः रेडिओ स्टेशनं काय वाजवतोय म्हणून कळवतात त्यावर ठरे. (प्रत्यक्ष प्रसारण यंत्राने मोजणं १९९० पासूनचं.) म्हणजे आधी प्रोग्रॅम डायरेक्टरला (स्टेशनवर काय वाजवायचं ते ठरवणाऱ्याला) पटवायचं, श्रोता नंतर. १९८५ च्या उन्हाळ्यात त्याच्यासमोर आलं अनोळखी नाव, जुन्या वळणाचा खर्जातला आवाज आणि स्टील गिटार, तेही कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल पॉपकडे झुकलेलं असताना. गाणं ६७ वर अडकलं.

इथेच मेख आहे. ६७ वर थांबलेलं गाणं लोकांनी नाकारलेलं नसतं, बहुतेकांनी ते ऐकलेलंच नसतं. विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकापर्यंत चढून घसरलेलं गाणं पुन्हा काढलं तर सहसा फसतं, कारण तिथे ऐकून झालेलं असतं आणि कौलही लागलेला असतो.

मधला दुवा होता त्याचं पुढचं सिंगल (रेडिओसाठी वेगळं काढलेलं एकेक गाणं), 'नाइन्टीन एटी-टू'. ते सहापर्यंत गेलं, आवाज ओळखीचा झाला. त्याच्या रेकॉर्ड कंपनीने, वॉर्नर ब्रदर्सने, १९८६ च्या वसंतात जुनं गाणं रेडिओकडे पुन्हा पाठवलं, जूनमध्ये 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ' हा पहिला अल्बम आला आणि जुलैमध्ये गाणं पहिलं. अल्बम दुकानात यायच्या सुमाराला गाणं चढतं असणं हे नशीब नव्हे, आखणी. वर्षभर आधी अल्बमच नव्हता, त्यामुळे गाणं आवडलं तरी पुढे विकत घ्यायला काही नव्हतं.

अर्थात गाणं मुळात दणकट हवंच. गीतकार पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांनी अख्खं गाणं दोन हातांवर तोललंय: एका हातावर मोह मोजायचा, दुसऱ्यात लग्नाची अंगठी. निर्णय ध्रुपदातच लागतो, कडव्यांत उपदेश नाही. माझ्या मते कंट्रीतल्या बेवफाईच्या गाण्यांत इतकं नेटकं बांधलेलं क्वचितच सापडेल. हेच गाणं कंट्री गायक कीथ व्हिटलीनेही १९८५ च्या अल्बममध्ये गायलं होतं आणि तोही कच्चा गायक नव्हे. पण त्याच्या कंपनीने ते सिंगल म्हणून काढलंच नाही, त्यामुळे रेडिओसाठी ते नसल्यातच जमा राहिलं.