वाचकांचे प्रश्न : रोममधली शाळा आणि मेणाची पाटी

प्रश्न : प्राचीन काळी रोमशी व्यापार करणाऱ्या तेर गावचं संग्रहालय पाहून आल्यावर आमच्या सहावीच्या मुलांनी स्नेहसंमेलनात ‘प्राचीन रोममधली शाळा’ दाखवायचं ठरवलंय. संगमरवरी खांब, पायऱ्या एवढंच सुचतंय. आणखी काय हवं? – एक शिक्षिका, होटगी रोड

उत्तर : आधी खांब काढा. अक्षरओळखीच्या शाळेला बहुधा स्वतःची इमारतच नसे. रस्त्याकडेची ओवरी किंवा दुकानाचा गाळा घ्यायचा, पडदा टांगायचा, झाली शाळा. पडद्यापलीकडे फेरीवाल्यांचा गलका. गुरुजींना खुर्ची, मुलांना बिनपाठीची बाकं. पुढ्यात डेस्क नाही, पाटी मांडीवर. सुखवस्तू घरच्या मुलाला सोडायला गुलाम येई, त्याला ‘पेडागोगुस’ म्हणत; ते पात्र जरूर ठेवा.

प्रवेश अंधारातच सुरू करा. शाळा उजाडायच्या आत भरे. कोंबडं आरवायच्या आधी या मास्तराचा आरडाओरडा आणि छड्या सुरू होतात, अशी तक्रार मार्शल या कवीने केली आहे. मुलगेच घेऊ नका, मुलीही असत. जुन्या ग्रीक-लॅटिन पाठ्यपुस्तकांत एका मुलाचा दिवस दिलाय : उठतो, तोंड धुतो, शाळेत येऊन गुरुजींना नमस्कार करतो, पाटीवरचं मेण सारखं करून लिहायला बसतो. दुपारी घरी पाव, ऑलिव्ह, चीज, सुके अंजीर, वर गार पाणी, की परत शाळा. संवाद लिहायला एवढं पुरे.

प्रश्न : ती मेणाची पाटी आम्ही करून पाहिली. मेणबत्त्या वितळवून लाकडावर ओतल्या; वाळल्यावर सगळं पापडासारखं निघून आलं. कुठे चुकलं? – विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणारे पालक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन ठिकाणी. मेणबत्तीचं मेण पॅराफिनचं असतं. ते ठिसूळ असतं, रेघ ओढली की कपचे उडतात. मधमाशांचं मेण घ्या. दुसरं म्हणजे गार लाकडावर गरम मेण ओतलं की ते वरच्यावर थिजतं, धरत नाही.

साधारण १४ × ९ सेंमीची, १ सेंमी जाडीची फळी घ्या. चारी बाजूंनी १ सेंमी काठ सोडून मधला भाग ३ मिमी खोल कोरा. तळाला दाभणाने आडव्या-उभ्या रेघा मारा, मेणाला पकड मिळते. एका पाटीला २० ग्रॅम मेण पुष्कळ झालं. गॅसवर थेट नको, पेटेल. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. दिव्याची काजळी चिमूटभर मिसळा, म्हणजे काळ्यावर रेघ उठून दिसते. फळी उन्हात चांगली तापू द्या, अगदी सपाट ठेवा आणि एका दमात ओता. थर २ मिमीचा हवा. जाड झाला तर लेखणी रुतते, पातळ झाला तर खाली लाकडावर घासते. (या घासण्याचा आज उपयोग होतो : लंडनच्या उत्खननात सापडलेल्या ४०० हून अधिक रोमन पाट्यांवरचं मेण केव्हाच गेलंय, पण त्यांतल्या काहींच्या लाकडावर उमटलेले ओरखडे वाचता येतात.) मेण काठापेक्षा खाली राहिलं पाहिजे. मग दोन पाट्या समोरासमोर दोरीने बांधल्या तरी अक्षर पुसत नाही.

लेखणीला ४ मिमी जाड पितळी तार चालेल. एक टोक कानशीने अणकुचीदार करा, दुसरं हातोडीने चपटं करा. चुकलं की चपट्या टोकाने मेण दाबून सारखं करायचं. आपल्याकडे पाटीला थुंकी लावून पुसायचे, तसंच. लिहिताना उजेड बाजूने, तिरपा येऊ द्या, नाहीतर रेघ दिसतच नाही. मधमाशांचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं खरं, पण एप्रिलमधल्या आपल्या ४२ अंशांतही ते लोण्यासारखं मऊ होतं. तेव्हा प्रदर्शन जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास ठेवा आणि पाट्या बंद गाडीत विसरू नका.

प्रश्न : आम्ही पावकी, निमकी, दिडकी घोकली. रोमन आकड्यांत ही मुलं हिशेब कसे करायची? – निवृत्त लेखापाल, साखर पेठ

उत्तर : आकड्यांत करतच नसत. आकडे उत्तर लिहून ठेवण्यापुरते. हिशेब बोटांवर किंवा खाचांच्या पाटीवर खडे सरकवून. घोकंपट्टी मात्र तुमच्यासारखीच : ‘एक आणि एक दोन, दोन आणि दोन चार’ हा सूर आपल्याला नकोसा व्हायचा, असं संत ऑगस्टीनने लिहून ठेवलंय.

तुम्हाला गंमत वाटेल ती अपूर्णांकांची. त्यांचा पूर्णांक बारा भागांचा, एक भाग म्हणजे ‘उंकिया’. होरेस या कवीने वर्गातली तोंडी परीक्षाच दिली आहे. पाच उंकियांतून एक काढला, किती उरले? मुलगा म्हणतो, तृतीयांश. शाब्बास! आणि मूळ पाचांत एक मिळवला तर? अर्धा. चार बारांश म्हणजे तृतीयांश आणि सहा बारांश म्हणजे अर्धा, हे झटकन सांगता यायलाच हवं. होरेसला ही पैशांची शिकवणी आवडत नव्हती, पण गल्ल्यावर बसणाऱ्याला दुसरं काय लागतं?

प्रश्न : त्यांना रविवारची सुट्टी होती का? फी किती होती? – सातवीतला विद्यार्थी, बाळे

उत्तर : सात दिवसांचा आठवडा तेव्हा शाळेला लागू नव्हता. दर आठव्या दिवशी बाजार भरे, त्या दिवशी सुट्टी. मार्चमध्ये १९ ते २३ मिनर्वा देवीचा उत्सव, डिसेंबरात सॅटर्नेलियाचा सण. उन्हाळ्यात मुलं धडधाकट राहिली तरी पुष्कळ शिकली, असं मार्शलनेच एका मास्तरांना सुनावलंय.

फीचा आकडा इ. स. ३०१ च्या दरपत्रकात मिळतो. सम्राट डायोक्लेशियनने अक्षर शिकवणाऱ्याला दर मुलामागे महिना ५० दिनार, गणित शिकवणाऱ्याला ७५, तर भाषा-काव्य शिकवणाऱ्याला २०० दिनार अशी कमाल मर्यादा घातली. त्याच पत्रकात शेतमजुराला जेवून दिवसाला २५. म्हणजे महिनाभर राबणाऱ्या मजुराइतके ७५० दिनार मिळवायला पहिल्या गुरुजींना १५ मुलं गोळा करावी लागत, आणि तीही वेळेवर फी देणारी.