चीनमधला चंद्राचा सण घरी कसा साजरा करतात? आपल्या कोजागिरीसारखाच का?

बराचसा तसाच, फक्त मसाला दुधाऐवजी मूनकेक, म्हणजे सारण भरलेली गोल मिठाई. चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला सगळं घर रात्री एकत्र जेवतं, मग चंद्र बघत चहा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगकडच्या मूनकेकमध्ये कमळबियांचं गोड सारण असतं आणि मधोमध बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक. कापला की तोच चंद्र! इतका जड की एकट्याने खायच्या भानगडीत पडू नये, फोडी करून वाटतात. सोबत पपनस, पोरांच्या हातात कंदील आणि चंद्रावर राहणाऱ्या छांग-अची गोष्ट. २००८पासून तिथे या दिवशी सरकारी सुट्टी असते.

तारीख मात्र बहुतेकदा आपल्या भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास. २०२५मध्ये अधूनमधून घडणारी गंमत झाली: ६ ऑक्टोबरला कोजागिरी आणि हा सण एकाच रात्री.