चिऱ्याच्या भिंतीतले स्पीकर

प्रश्न : भाई, फोंड्याजवळ नवं घर बांधतोय. खांब-तुळया आरसीसीच्या, भिंती ९ इंची चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. हॉल १८ बाय १२ फुटांचा. गिलावा अजून व्हायचाय आणि गणेशचवथीआधी राहायला जायचं ठरलंय. मला गाणं ऐकायचं वेड. पण घरातून फर्मान निघालंय की जमिनीवर एकही खोका दिसता कामा नये. म्हणून भिंतीत बसवायच्या साडेसहा इंची स्पीकरची जोडी घेतली. सोबतच्या कागदावर पोकळ भिंतीचं चित्र आहे, आमची भिंत तर भरीव! वायरमन म्हणतो, प्लगच्याच पाइपातून वायर ओढू, वेगळा पाइप कशाला? आणि सगळं बंद झाल्यावर एखादा स्पीकर वाजलाच नाही तर? आधी तपासायचं कसं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे पैसे मी स्वतः मोजलेत. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी असेच स्पीकर घातले. वायर टाकली, गिलावा झाला, रंग झाला. डावा स्पीकर सुरेख वाजला. उजवा जोडला की अ‍ॅम्प्लिफायर टक्‌ करून बंद. दोन दिवस मी अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या घातल्या. तो बिचारा स्वतःला वाचवत होता. शेवटी वायरीची दोन्ही टोकं सुटी करून मीटर लावला, तर सर्किट उघडं, म्हणजे दोन तारांचा एकमेकींशी संबंध नाही, असं दाखवण्याऐवजी आकडा ०.३ ओहम. म्हणजे भिंतीत कुठेतरी दोन्ही तारा एकमेकींना टेकलेल्या. गवंड्याला विचारलं, सुताराला विचारलं, रंगाऱ्याला विचारलं. तिघेही देवळात शपथ घ्यायला तयार. खिळा निघाला कॅलेंडरचा. मीच ठोकलेला! चार फूट भिंत फोडली, वायर बदलली, पण रंगाची तीच छटा पुन्हा काही मिळाली नाही. आजही दुपारच्या उन्हात तो पट्टा दिसतो आणि आमची मंडळी तो पाहुण्यांना कौतुकाने दाखवते.

तेव्हा गिलाव्याआधी एक साधा मल्टिमीटर घ्या. त्याच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवा; ०.२ वगैरे काही आकडा येईल, तो लिहून ठेवा. तो सुयांचा स्वतःचा विरोध, नंतर वजा करायचा. मग वायरीचं पलीकडचं टोक मोकळं ठेवून अलीकडे मोजा. मीटरने सर्किट उघडंच दाखवलं पाहिजे. आता पलीकडे दोन्ही तारांना पीळ द्या आणि पुन्हा मोजा. १.५ चौरस मिमीची तांब्याची तार १० मीटर नेली, तर जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिचा विरोध पाव ओहमच्या आसपास येतो. एक-दोन ओहम दिसले तर कुठेतरी तार अर्धवट तुटलीय किंवा कुणी मध्येच जोड मारलाय. भिंतीच्या आत जोड नकोच. गिलावा झाल्यावर हेच मोजमाप पुन्हा करा, आणि रंगाऱ्याला हात लावू देण्याआधी आणखी एकदा. तिन्ही वेळचे आकडे एकाच कागदावर असू द्या. पाइप उघडे आहेत तोवर भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढा; पुढे कॅलेंडर कुठे टांगायचं ते त्या फोटोवरून ठरेल.

वायर घेताना एक बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार 'स्पीकर वायर' म्हणून स्वस्तात मिळते. ब्लेडने तार खरवडा; आत पांढरं दिसलं तर दुकानदाराला परत द्या. आपल्या दमट हवेत तिची टोकं लवकर खराब होतात आणि स्क्रूखाली ढिली पडतात.

आता तुमच्या भरीव भिंतीचं. कागदावरचं चित्र चुकीचं नाही, ते आपल्या घराचं नाही एवढंच. हे स्पीकर मुळात अमेरिकी घरांसाठी घडले. तिथे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा करून दोन्ही बाजूंना जिप्समचे पत्रे ठोकतात, मध्ये साडेतीन इंच पोकळी उरते. स्पीकरच्या चौकटीला चार पंजे असतात. स्क्रू पिळला की ते बाहेर फिरतात आणि पत्र्याला मागून आवळतात. चिऱ्याला ते काय आवळणार?

काही जण चिऱ्यापुढे जिप्समची दुसरी भिंत उभी करायला सांगतील. तेही चालतं, पण खोलीचे तीन-चार इंच जातात आणि तो पोकळ पत्रा स्पीकरबरोबर स्वतःही गायला लागतो. मी असतो तर चिऱ्यात कोनाडा काढला असता. स्पीकरच्या भोवती चिऱ्यासारखी जड, गप्प बसणारी भिंत असणं हे भाग्य आहे. विलायती सुतार त्यासाठी पत्र्यावर पत्रे चढवतात. तुमच्या भिंतीवर घराचा भार नाही, त्यामुळे कोनाड्याला हरकत नसावी, तरी इंजिनियरला दाखवून घ्या. (वाचकांपैकी कुणाचं जुनं घर नुसत्या चिऱ्यावर उभं असेल, तर हे वाचून छिन्नी उचलू नका.) रुंदी एका फुटाच्या आत ठेवा, म्हणजे वरचा चिरा निखळणार नाही. कापायला छिन्नी-हातोडीच बरी. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागून घट्ट होतो. मशीनचे हादरे दिले तर आजूबाजूचे सांधे सुटतात.

कोनाड्यात मरीन प्लायची पेटी बसवा. आतून २४ इंच उंच, १० इंच रुंद, ५ इंच खोल. एवढ्यात सुमारे २० लिटर हवा मावते, साडेसहा इंची स्पीकरला पुरेशी. पंजे आता पेटीच्या पुढच्या फळीला धरतील. सांध्यांना सिलिकॉन भरा आणि आत उशीतला पॉलिएस्टरचा कापूस सैल घाला; कोंबायचा नाही. पेटीचा दुसरा फायदा असा की आवाज मागच्या बेडरूममध्ये कमी जातो. स्क्रू हातानेच पिळा. ड्रिलने पिळला तर पंजा तुटतो, आणि तो एकटा सुटा बाजारात मिळत नाही.

जागा १२ फुटांच्या भिंतीवर घ्या. दोन स्पीकरांत ७ फूट अंतर ठेवलं की कोपऱ्यांपासून अडीच-अडीच फूट उरतात. सोफाही त्यांच्यापासून सात-आठ फुटांवर. छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यायला हवा. जमिनीपासून तीन, सव्वातीन फूट धरा. शोभेसाठी लोक तो दरवाज्याच्या वर नेतात आणि मग गायक माळ्यावर बसल्यासारखा वाटतो.

वायरमनला मात्र नाही म्हणा. त्याच पाइपात २३० व्होल्ट आणि स्पीकरची वायर एकत्र म्हणजे, एखाद्या ठिकाणी वेष्टण सोललं की ती वीज थेट अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि जोडणी करणाऱ्याच्या बोटात. वेगळा पाइप, जमल्यास विजेच्या पाइपापासून फूटभर दूर, आणि ओलांडावाच लागला तर काटकोनात. स्पीकर बसेपर्यंत पाइपाची तोंडं चिकटपट्टीने बंद ठेवा. मुंग्यांचं सोडा, कुंभारीण माशी आठवड्याभरात मातीने पाइप असा लिंपते की वायर पुढे सरकत नाही.

स्पीकर बसवण्याआधी त्यांच्या टोकांवर मीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो; बरेच वाचक यावर घाबरून पत्र लिहितात, तेव्हा सांगून टाकतो, ते बरोबर आहे. मीटर स्थिर प्रवाहाने मोजतो, डबीवरचा आकडा बदलत्या प्रवाहाचा. मग स्पीकर बसवा, जाळी लावू नका. अ‍ॅम्प्लिफायरकडची टोकं सुटी ठेवून त्यांना एक पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा अधिक लाल तारेला, उणे काळ्या तारेला. स्पीकरचा पडदा बाहेर उसळला तर जोडणी सुलटी. आत गेला तर कुठेतरी तारा उलट झाल्यात. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत.

यानंतर कानाची परीक्षा. मी नेहमी केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रणं लावतो. त्या तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर त्यांचा आवाज अंतराळात गेला. पण इथे माझा हेतू भक्तीचा नाही. ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या मोनो आहेत, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून अगदी एकच आवाज येतो. सोफ्याच्या मधोमध बसा आणि डोळे मिटा. केसरबाई दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या पाहिजेत. त्या मध्ये न उभ्या राहता आवाज दोन्हीकडे पसरलेला, डोक्यात घुमल्यासारखा वाटला, तर एक स्पीकर उलटा आहे. नंतर तबल्याचं एखादं नवं ध्वनिमुद्रण लावा. उलट्या जोडणीत डग्ग्याची घुमक नाहीशी होते आणि नुसती चापट ऐकू येते. जत्रेतल्या नाटकांचे माइक-स्पीकर सांभाळताना मी हे इतक्यांदा भोगलंय की हार्मोनियमवाल्याने 'आज डग्गा उपाशी दिसतो' म्हटलं की मी आधी तारा बघायला जात असे.

शेवटी मोबाइलवरून २० ते २०० हर्ट्‌झचा सरकता सूर हळू आवाजात वाजवा. कुठे तरी काहीतरी खडखडेल. बोटाने दाबत फिरा: जाळी, खिडकीची काच, स्विचबोर्डाचं झाकण, माळ घातलेला फोटो. दहापैकी नऊ वेळा स्पीकर निर्दोष सुटतो.

प्रश्न : आमच्या भिंतीतल्या स्पीकरांतून टीव्ही जोडला की सतत घूं-घूं आवाज येतो. दुरुस्तीवाल्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची मोठी पिन कापायला सांगितलं. कापू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, अजिबात नको. ती अर्थिंगची पिन आहे. आवाज जाईल आणि एखाद्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर काय होईल ते सांगता येणार नाही. भिंतीतल्या वायरींचा यात बहुधा काही दोष नाही. आधी अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या टीव्ही, प्लेयर अशा सगळ्या जोडण्या काढा, फक्त स्पीकर ठेवा. घूं-घूं राहिली तर तो अ‍ॅम्प्लिफायरचाच आजार. थांबली तर टीव्ही जोडून, त्याच्या मागची केबलची किंवा डिशची गोल वायर तेवढी उपटा. तिथे थांबली तर गुन्हेगार सापडला: केबलचं अर्थिंग आणि घरातलं अर्थिंग वेगळं पडतं, आणि त्या फरकाचा प्रवाह तुमच्या गाण्यातून वाहतो. केबलसाठी त्या गोल वायरीत घालायचा आयसोलेटर मिळतो, छोटी नळकांडी असते. डिश असेल तर मात्र बसवणाऱ्यालाच बोलवा. त्याच वायरीतून छतावर वीज जाते, ती अडली तर चित्रच जाईल.

प्रश्न : वाळपईला घर आहे. बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, बसून ऐकता यावं म्हणून बाहेरच्या भिंतीत स्पीकर घालावेत असं मनात आहे. कसं?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर : घालू नका. चिरा पाणी पितो, आणि तुमच्याकडचा पाऊस तर विचारूच नका. कोनाडा म्हणजे भिंतीचा ओला पोटखळगा होईल. बाल्कावाच्या छपराखाली, तुळईला, बाहेरच्या वापराचे छोटे स्पीकर टांगा. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची असावी. कागद आणि फोम आपल्याकडे कुजतात. वायर भिंतीतून बाहेर काढताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि स्पीकरजवळ वायरीला खाली एक झोळ सोडा. पाणी झोळावरून ठिबकतं, स्पीकरमध्ये शिरत नाही. हे काम मे महिन्यात उरका.