पाहिलंस तेवढं सांग, आणि आजच सांग

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. समोरच्या फ्लॅटमधलं दीड वर्षाचं बाळ, भर दुपारी सताड उघडं दार, जिन्याच्या तोंडाशी एकटं बसलेलं ते पोर आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी खाली गेटपाशी फोनवर, हे सगळं तू नीट लिहिलं आहेस. पण त्यापुढचा सगळा मजकूर 'मी सांगावं का', 'मावशींचं काम जाईल का', 'ते लोक काय म्हणतील' यातच गेला आहे. तो बाजूला ठेव. बाळाच्या आई-वडिलांना सांगायचंच आहे. पाहिलंस तेवढं सांग, आणि आजच सांग.

'मावशी बेजबाबदार आहेत' हे तू पाहिलेलं नाहीस, ते तुझं मत आहे. तू पाहिलंस ते असं लिहून काढ: 'मंगळवार, दुपारी 2.40. दार उघडं. बाळ पहिल्या पायरीवर, एकटं. हाक मारली, घरात कोणी नव्हतं. मावशी 2.52 ला लिफ्टने वर आल्या.' तारीख, वेळ, मूल कुठे, मोठं माणूस कुठे, किती मिनिटं. एवढंच. मत ऐकलं की आई-वडील वाद घालतात, कारण त्या बाईंना त्यांनीच निवडलेलं असतं आणि तुझं बोलणं त्यांना स्वतःवरचा ठपका वाटतो. 2.40 या आकड्याशी वाद घालता येत नाही.

काय सांगायचं नाही, हेही ऐक. मावशी टीव्ही लावून बसतात, वरणभाताऐवजी बिस्किटं देतात, बाळाला रडू देतात, हा त्या घराचा प्रश्न. तुझा प्रश्न धोक्याचा. बाथरूममध्ये भरून ठेवलेल्या बादलीचंच उदाहरण घे. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मूल वाकलं की तोल जाऊन आत पडतं आणि त्याला वर येता येत नाही. बुडायला पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं, आणि आवाज जवळजवळ होत नाही. बाल्कनीच्या कठड्याला टेकून ठेवलेलं स्टूल किंवा मोठी कुंडी. हातात दिलेले फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं. मूल आत असताना बाहेरून लावलेली कडी. यातलं एक जरी दिसलं तरी ते सांगण्याजोगं आहे. दुसऱ्यांदा दिसण्याची वाट पाहू नकोस.

झोपेबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस, मला मात्र ती ओळ सगळ्यात जास्त टोचली. बाळ आता दुपारी चार-चार तास झोपतं, उठल्यावर मलूल असतं. सर्दीच्या काही औषधांनी गुंगी येते, आणि मूल झोपावं म्हणून ती देणारे लोक आहेत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन हे दोन घटक एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला. तरीही औषध दिलं जातंय असं तू म्हणायचं नाहीस, कारण ते तू पाहिलेलं नाहीस. 'चार तास झोपतं आणि मलूल उठतं' एवढंच सांग. बाटल्यांवर पेनाने पातळीची खूण करायची, त्या कुलपात ठेवायच्या आणि बाळाच्या डॉक्टरांना विचारायचं, हे आई-वडिलांनी करावं.

सांगायचं कसं? लिफ्टमध्ये नाही, मावशींसमोर नाही. मावशी संध्याकाळी घरी गेल्या की बेल वाजव, शक्यतो दोघंही असताना. दहा मिनिटं पुरतात. टिपण वाचून दाखव, दोघांचे नंबर घे, 'पुन्हा असं दिसलं तर आधी कोणाला फोन करू?' हे विचार आणि निघ. आई चिडली तर चिडू दे. तुला पटवायचं नाहीये, पोचवायचं आहे.

व्हिडिओ काढला असशील तरी तो सोसायटीच्या ग्रुपवर अजिबात टाकायचा नाही! बाळाचा चेहरा शंभर फोनांत जातो आणि एका बाईचं त्या परिसरातलं कामच संपतं, तेही तिची बाजू कोणी ऐकण्याआधी. ती बाजू असते, बरं का. बाळ सांभाळायला ठेवलेल्या बाईकडून पोळ्या, भांडी, कपडेही करून घेतले जातात. दहा तासांत अर्धा तास सुट्टी नसेल, तर ती बाई फोनसाठी खाली जाणारच. म्हणून बाळ जिन्यावर सोडणं माफ होत नाही. पण आई-वडिलांना दाराला वरची कडी बसवण्याचं सुचवशील तेव्हा त्या अर्ध्या तासाबद्दलही विचार.

बाळ आत्ता एकटं दिसलं तर त्याच्याजवळ थांब, उंबऱ्याशीच, दार उघडं ठेवून, आणि तिथूनच आईला फोन कर. त्याला स्वतःच्या घरात नेऊन दार लावू नकोस, भलताच गैरसमज होतो. मारण्याचा आवाज आला किंवा कोणी बाळाला गदागदा हलवताना दिसलं, तर दार ठोक आणि 112 लाव. हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होतो आणि बाहेरून खूणही दिसत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर निवड तुझ्या हातात नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला तोच कायदा संरक्षण देतो.

'आधी खात्री करून घ्यावी' असं मला शिकलेली माणसं ऐकवतात आणि हटवादी म्हणतात. म्हणोत. खात्री करणं आई-वडिलांचं काम, गरज पडली तर पोलिसांचं. शेजारी खात्री करत बसतो तेवढे दिवस ते मूल त्याच जिन्यावर असतं. या बाबतीत मी तसूभर मागे हटणार नाही, आणि तूही हटू नकोस.

सांगूनही काही बदललं नाही तर दुसऱ्या वेळी दोघांनाही लेखी मेसेज कर, तसाच, वेळेसकट. तिसऱ्यांदा 1098 लाव. मुलांसाठीची ही हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. आपलं नाव गुप्त ठेवायला सांग, पत्ता नेमका दे आणि तेच टिपण वाच. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला मारलं किंवा वाऱ्यावर सोडलं तर बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 75 खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तुला कलम सांगत बसायचं नाही, फक्त वेळा सांगायच्या आहेत.

मावशी सातला निघतात असं तू लिहिलं आहेस. साडेसातला बेल वाजव.